फुटलेला, गंजलेला बिडाचा मशीन व्हाइस पुन्हा कामाला कसा लावायचा

एखादं जुनं वर्कशॉप बंद पडलं की त्याच्या भंगारात मशीन व्हाइस हमखास निघतो. वजन तीस-चाळीस किलो, एक कान तुटलेला, जबड्याच्या प्लेटा गायब, बेडवर ड्रिलची दहा-बारा भोकं आणि सगळ्यावर लाल गंज. भाव किलोवर. नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत छोटं युनिट चालवणारा असो, नुकताच आयटीआयतून बाहेर पडलेला मुलगा असो की घरी ड्रिल मशीन ठेवणारा हौशी, प्रश्न सगळ्यांचा एकच: हा घ्यावा का, आणि घेतला तर सुधारेल का? इतवारीतल्या लोहाओळीपासून गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत विचारत गेलं तर दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, "बीड आहे भाऊ, वेल्डिंग धरत नाही, सोडा." दुसरा म्हणतो, "आणा, पाच मिनिटांत टाका मारून देतो." दोन्ही उत्तरं चूक आहेत. ती का चूक आहेत हे कळलं की दुरुस्तीचा क्रमही कळतो.

व्हाइसची अंगं

ड्रिलिंग, मिलिंग किंवा शेपर मशीनच्या टेबलावर बोल्टने बसतो आणि जॉब घट्ट धरतो तो मशीन व्हाइस. खालची सपाट बाजू म्हणजे तळ. त्याच्या वर, ज्यावरून जबडा सरकतो तो बेड. एक जबडा स्थिर, दुसरा सरकता; दोघांच्या तोंडाला जॉब धरणाऱ्या बदलता येण्याजोग्या प्लेटा. सरकत्या जबड्याला पुढे-मागे नेणारा स्क्रू आणि त्याचा नट. जबडा वर उचलू नये म्हणून बेडच्या खालून लावलेल्या दोन पट्ट्या. टेबलाला बोल्ट लावण्यासाठी बाजूला निघालेले खाचेचे कान. एवढी नावं पुरेत.

बीड पोलादासारखं का वागत नाही?

बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला की दोन तुकडे होतात, पत्र्याचा तवा नुसता वाकतो. कारण कार्बन. साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. बिडात तो साधारण अडीच ते चार टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीच्या शिशासारख्या पदार्थाच्या, बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो.

शेंगदाण्याची चिक्की आठवा. आडवी ठेवून वरून कितीही दाबा, ती सहन करते. दोन्ही टोकं धरून वाकवा, दाण्याच्या कडेने कट्कन तुटते. बिडाचंही तसंच आहे. दाब सोसण्याची त्याची ताकद ओढ सोसण्याच्या ताकदीच्या तिप्पट-चौपट असते आणि तुटण्याआधी ते जवळपास अजिबात ताणलं जात नाही. भारतीय मानक आयएस २१० मध्ये बिडाच्या प्रती एफजी १५०, एफजी २०० अशा दिल्या आहेत. त्यातला आकडा म्हणजे ओढ सोसण्याची किमान ताकद, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये.

मग व्हाइस बिडाचाच का करतात? ते पापुद्रेच कटरचा थरथराट गिळतात, सरकणाऱ्या पृष्ठभागाला थोडं वंगण देतात, आणि बीड साच्यात ओतायला सोपं. म्हणजे ज्या गुणामुळे व्हाइस चांगला चालतो, त्याच गुणामुळे तो हातोड्याने फुटतो.

समोरचा तुकडा खरंच बिडाचा आहे ना, हे आधी पाहा. नको त्या कोपऱ्यात लहान भोक पाडा: काळपट भुकटी पडली तर बीड, गुंडाळ्या निघाल्या तर पोलाद. ग्राइंडरवर टेकवलं तर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद लाल दिसतात, पोलादाच्या लांब आणि उजळ.

घेण्याआधी काय बघायचं?

जबडा, स्क्रू सगळं सुटं करून बेड लाकडाच्या दोन तुकड्यांवर टेकवा आणि लहान हातोडीने हलकं टिचकवा. अखंड बीड घणघणतं. आतून चीर असेल तर आवाज फुटक्या मडक्यासारखा बसका येतो.

दिसत नाही अशी चीर शोधायला रॉकेल आणि खडू पुरतो. भाग स्वच्छ करा, रॉकेल लावून अर्धा तास मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरवा. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत तेल आणि पांढऱ्या पुडीच्या याच युक्तीने भाग तपासत असत. नेमकेपणा हवा असेल तर लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे मिळतात.

आता निवाडा. कान तुटला, प्लेटा गेल्या, स्क्रू झिजला, बेडवर भोकं आहेत: हे सगळं सुधारतं. पण स्थिर जबडा मुळाशी, बेडला जिथे मिळतो तिथे चिरला असेल, किंवा नटाजवळ बेड आडवा फुटला असेल, तर तो व्हाइस मिलिंगच्या कामासाठी घेऊ नका. व्हाइस आवळला की सगळी ओढ नेमकी तिथेच येते, आणि कटर फिरत असताना तो सांधा सुटला तर जॉब उडून माणसाला लागतो. असा व्हाइस सुट्या भागांसाठीच घ्यावा.

गंज ॲसिडमध्ये बुडवून काढला तर चालेल का?

नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड गंजासोबत चांगलं लोखंडही खातं, वर ग्रॅफाइटचा काळा, मऊ थर उरतो आणि धुतल्याबरोबर नवा गंज चढतो.

त्यापेक्षा विजेने गंज काढा. प्लास्टिकच्या टबात दर लिटर पाण्याला १० ते १५ ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. १२ व्होल्टच्या साध्या बॅटरी चार्जरची ऋण तार व्हाइसला जोडा, धन तार टाकाऊ साध्या लोखंडी पट्टीला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. २ ते ५ अँपिअरवर एका रात्रीत गंज सैल होतो आणि तारेच्या ब्रशने निघतो. तारा उलट लागल्या तर गंज राहील आणि व्हाइस झिजेल. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरीन वायू निघतो. टबातून हायड्रोजनही निघत असतो, म्हणून हे काम उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको, आणि तारा हलवण्याआधी चार्जर बंद करा.

धुतल्यावर वाळवण्याची घाई हवी. नागपुरात नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक, उन्हात ठेवलेलं बीड हाताला चटका देईल इतकं तापतं. कोमट झालं की लगेच तेलाचा हात फिरवा. श्रावणात हेच करायला गेलात तर पुसून होईपर्यंत केशरी छटा येते.

अडकलेला स्क्रू काढताना आधी भेदक तेल (पेनिट्रेटिंग ऑइल) लावून दोन दिवस थांबा. नाहीच हलला तर नटाभोवतीचा भाग गॅसने सावकाश, सगळीकडून सारखा गरम करा. तेल सुकल्याची खात्री करून मगच ज्योत लावा. ठोकायचंच असेल तर पितळेचा किंवा लाकडाचा तुकडा मध्ये धरा. एकच कोपरा लाल करून वर हातोडा मारला की दुरुस्तीच्या यादीत अजून एक चीर वाढते.

जुना रंग काढताना कोरडा घासू नका. जुन्या मशीनच्या रंगात शिसं असू शकतं. रंग काढण्याचं केमिकल वापरा किंवा ओल्या पॉलिश पेपरने घासा.

बीड वेल्ड होतं की नाही?

होतं. पण घराच्या ग्रिलला लावतात त्या साध्या रॉडने नाही.

काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की तो तडकतो. आतली बाजू फुगते, बाहेरची थंडच असते आणि काच ताणली जात नाही. वेल्डिंगचा ठिपका पडतो तेव्हा तेवढीच जागा वितळते, आजूबाजूचं बीड थंडच. ठिपका आकसताना बिडाला ओढतो आणि ओढ हीच तर बिडाची कमजोर बाजू. दुसरी अडचण रसायनाची. बिडातला कार्बन वितळलेल्या पोलादात मिसळतो आणि झटकन थंड झाल्यावर काचेसारखा कडक पट्टा तयार होतो. त्यावर कानस घसरते, ड्रिल जळतं. "पाच मिनिटांत टाका" मारल्यावर थंड होताना टिक्-टिक् आवाज येतो, तो शेजारचं बीड चिरत असल्याचा आवाज आहे.

निकेलचा रॉड यासाठीच असतो. निकेल कार्बनमुळे कडक होत नाही, मऊ राहतं आणि आकसताना स्वतः ताणलं जातं. ९९ टक्के निकेलचा रॉड मशीनिंगला मऊ, निकेल आणि लोखंडाचा साधारण ५५ टक्के निकेलवाला रॉड जाड तुकड्यांना जास्त भक्कम. महाग आहेत, पण एका कानाला चार-पाच रॉड पुरतात.

तुटलेल्या कानाची तयारी अशी. दोन्ही तुकड्यांच्या कडा ६० ते ७० अंशांच्या व्ही आकारात घासा, पण मध्ये २-३ मिमी फुटका भाग तसाच ठेवा. फुटलेले दाणे एकमेकांत बसले की कान आपोआप मूळ जागी येतो. ही खूण घासून टाकली की कान तिरपाच लागतो. चीर अर्धवट गेलेली असेल तर तिच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही. मग गॅसने भाग तापवून आत मुरलेलं तेल जाळून टाका. वर्षानुवर्षं तेल प्यालेल्या बिडात हे केलं नाही तर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात.

२.५ मिमी रॉडला साधारण ६० ते ८० अँपिअर, पण पाकिटावर लिहिलेलं प्रमाण मानावं. एका वेळी २० ते २५ मिमीचीच रेघ घाला. घातल्या घातल्या, ती लाल आहे तोवर, गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके देऊन चपटी करा, म्हणजे आकसण्याचा ताण सुटतो. मग थांबा. शेजारी हात टिकेल इतकं थंड झाल्यावरच पुढची रेघ, तीही लगेच शेजारी नाही, दुसऱ्या टोकाला. एका कानाला दोन-तीन तास लागतात. वेल्डरला घाई असेल तर त्याला काम देऊ नका.

दुसरी वाट म्हणजे पूर्ण भाग भट्टीत ५०० ते ६५० अंश सेल्सिअसला तापवून वेल्ड करणं आणि कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या पुडीत पुरून दिवसभर थंड होऊ देणं. एकतर सगळं थंड, नाहीतर सगळं गरम. अर्धवट तापवलेलं काम सगळ्यात आधी फुटतं.

कान तुटला असेल तर मात्र पितळेचा डाख, म्हणजे ब्रेझिंग, हा पर्याय माझ्या मते जास्त भरवशाचा. यात बीड वितळतच नाही. साधारण ९०० अंशांच्या आसपास पितळ वितळून दोन्ही बाजूंना चिकटतं, त्यामुळे कडक पट्टा तयार होत नाही. सांध्याचा रंग पिवळा दिसतो एवढंच. गोम एकच: ग्राइंडरने घासलेल्या बिडावर ग्रॅफाइट सारवलं जातं आणि पितळ त्यावर पाण्याच्या थेंबासारखं घरंगळतं. म्हणून शेवटचा हात कानशीचा हवा. पितळातल्या जस्ताचा धूर छातीत जाऊ देऊ नका, वारा असेल तिथेच बसा. आणि एक लक्षात ठेवा, एकदा पितळ लागलेल्या सांध्यावर नंतर निकेलचा रॉड नीट धरत नाही. निर्णय आधीच घ्यावा.

बेडवरची भोकं बुजवायलाच हवीत का?

बहुतेक वेळा नाही. भोक आपल्यापुरती जागा खातं, उरलेला पृष्ठभाग काम करतच असतो. त्रास देते ती भोकाभोवती वर आलेली कड. सपाट ऑइल स्टोनने ती उतरवली की निम्मा प्रश्न सुटतो.

भोकं इतकी असतील की जॉबखालच्या पट्ट्या डुगडुगतात किंवा बुरादा साचतो, तर बिडाचेच बूच घाला. भोक साफ करून एम १२ सारखा टॅप मारून आत आटे पाडा, बिडाच्या सळीवर आटे पाडून बूच करा, थ्रेड लॉक लावून आवळा, अर्धा मिमी वर ठेवून कापा आणि बेडसोबत ग्राइंड करा. पोलादाचं बूच घातलं तर पुढे बीड झिजतं आणि बूच उंचवटा होऊन राहतं. धातूची पूड मिसळलेली इपॉक्सी पुट्टी बाहेरच्या खड्ड्यांना चालते, जबडा सरकतो तिथे नाही.

खरं काम तळाचं

रंग लावून चकचकीत केलेले पण उपयोगाचे नसलेले व्हाइस बाजारात खूप दिसतात, कारण त्यांच्या तळाकडे कोणी पाहिलेलं नसतं. पोळपाट डुगडुगत असेल तर लाटणं कितीही चांगलं असो, पोळी एका बाजूला जाडच होते. व्हाइसमध्येही सगळी मापं तळापासून सुरू होतात: तळ सपाट, मग बेड तळाशी समांतर, मग स्थिर जबडा बेडशी काटकोनात, शेवटी सरकता जबडा. हा क्रम मोडला तर प्रत्येक काम दोनदा करावं लागतं. वेल्डिंग, डाख, बूच ही सगळी उष्णतेची आणि ठोकाठोकीची कामं याच्या आधी उरकलेली हवीत. मोठं वेल्डिंग झालं असेल तर ५०० ते ५५० अंशांवर, दर २५ मिमी जाडीला एक तास या हिशेबाने ताण काढून घेतलेला बरा. नाहीतर ग्राइंडिंगनंतर व्हाइस हळूहळू वळतो.

सरफेस ग्राइंडिंग करणाऱ्या जॉब शॉपमध्ये हे काम होतं, पण देताना एक गोष्ट बजावून सांगा. एक पाय आखूड असलेल्या खाटेवर चार जण बसले की ती सरळ वाटते, उठले की पुन्हा डुगडुगते. वळलेला बेड चुंबकी चकवर, म्हणजे ग्राइंडरच्या चुंबकी टेबलावर, तसाच ओढून धरला तर चक त्याला सपाट करतो, ग्राइंडरचा दगड वरची बाजू सपाट करतो आणि चुंबक बंद केल्याबरोबर सगळं पुन्हा वळतं. म्हणून आधी बेड चकवर ठेवून कुठे डुगडुगतो ते बघायचं, त्या फटीत शिम (धातूची पातळ पट्टी) किंवा कागद भरायचा आणि मगच चुंबक चालू करायचा. ०.१ ते ०.३ मिमी काढणं बहुधा पुरतं. खोल ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासायचा हट्ट धरू नका, बेड पातळ होत जातो.

ग्राइंडिंग परवडत नसेल तर हाताने स्क्रेपिंग होतं. सरफेस प्लेटवर निळ्या शाईचा पातळ थर द्यायचा, तळ त्यावर फिरवायचा, निळे लागलेले उंच ठिपके स्क्रेपरने खरवडायचे आणि पुन्हा फिरवायचं. वर्कशॉपमध्ये याला ब्लू मॅचिंग म्हणतात. २५ मिमी चौकोनात दहा-पंधरा ठिपके सारखे दिसू लागले की व्हाइसला पुरेसं. वेळखाऊ आहे, पण वीस-तीस चकरांनंतर हात बसतो.

किती अचूक झालं म्हणजे झालं? ०.०१ मिमीपर्यंत मोजणाऱ्या डायल इंडिकेटरने बेडची समांतरता १०० मिमीत ०.०२ मिमीच्या आत, स्थिर जबड्याचा काटकोन १०० मिमीत ०.०३ च्या आत. रोजच्या मिलिंगला एवढं उत्तम.

जॉब सपाट बसवला तरी तिरका का निघतो?

कारण आवळताना सरकता जबडा वर उचलतो. लोखंडी कपाट वरच्या बाजूने ढकललं तर सरकण्याऐवजी कलतं. इथेही स्क्रू खालून ढकलतो, जॉब वरच्या बाजूला अडवतो आणि जबडा कलून जॉबची एक कड उचलतो.

तपासायला पतंगीचा कागद घ्या. जॉबच्या चार कोपऱ्यांखाली चार चिंध्या ठेवा, व्हाइस आवळा आणि एकेक ओढून बघा. सरकत्या जबड्याकडच्या दोन सैल झाल्या तर जबडा उचलतोय. उपाय खालच्या पट्ट्यांमध्ये असतो. त्या सोडवून त्यांच्या बसण्याच्या जागेतून थोडं थोडं घासा, जबडा हाताने जेमतेम सरकेल आणि वर-खाली हलणार नाही इतकी, ०.०२ ते ०.०४ मिमी फट ठेवा. एकदम जास्त घासलं तर पुन्हा शिम घालत बसावं लागतं.

स्क्रू, नट, प्लेटा

स्क्रूला ढिलाई असली तरी घाबरू नका, व्हाइसमध्ये ती जॉबच्या मापावर परिणाम करत नाही. आट्यांचा माथा मात्र धारदार झाला असेल तर बदलायलाच हवा. स्क्रू ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा आणि नट गनमेटलचा (मऊ, तांब्याचा मिश्रधातू) करा, म्हणजे झीज सहज बदलता येणाऱ्या नटाला जाईल. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजताना दहा आटे मोजा: ५० मिमी आले तर ५ मिमी पिच, ५०.८ आले तर तो इंचाला ५ आट्यांचा जुना स्क्रू आहे. एका आट्यावर हा फरक नजरेतून सुटतो.

प्लेटा जोडीने करा आणि जोडीनेच ग्राइंड करा. ओएचएनएस (तेलात बुडवून कडक होणारं) पोलाद कडक करून त्याचा कडकपणा ५० ते ५५ रॉकवेल सी ठेवला की वर्षानुवर्षं टिकतं. घरच्या कामाला १२ मिमी साध्या पट्टीच्या मऊ प्लेटाही चालतात. बसवण्याआधी मागची जागा पुसा, तिथे अडकलेला एक बुरादा सगळा काटकोन बिघडवतो.

एवढ्या खटाटोपापेक्षा नवा का घेऊ नये?

छोट्या, १०० मिमी ड्रिल व्हाइससाठी हा आक्षेप बरोबर आहे, नवाच घ्या. १५० ते २०० मिमीच्या, फिरत्या तळाच्या मिलिंग व्हाइसचं गणित वेगळं. त्याच वजनाचा आणि तितक्याच अचूकतेचा नवा व्हाइस महाग पडतो, तर इथे खर्च मुख्यतः ग्राइंडिंग, रॉड आणि एका नटाचा असतो. ग्राइंडिंगचा भाव आधी विचारून ठेवा. तीनपेक्षा जास्त पृष्ठभाग खोल घासावे लागणार असतील तर हिशेब उलटतो.

पुन्हा फुटू नये म्हणून

हँडलला पाइप लावून आवळणं, बहुतेक व्हाइस यानेच फुटतात. २०० मिमी हँडल आणि ४ मिमी पिच धरली तर हाताच्या २० किलो जोराने, घर्षणात तीन चतुर्थांश गेलं असं मानलं तरी, जबड्यावर सुमारे दीड टन दाब येतो. तिप्पट लांब पाइप लावला की साडेचार टन. मूळ हँडल जेवढं लांब होतं तेवढंच नवं करा. हातोड्याने आवळायची गरज पडत असेल तर दोष स्क्रूच्या वंगणात किंवा प्लेटांत आहे, तो आधी शोधा.

रंगाला रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर मशीन इनॅमल. तळ, बेड, जबड्याची पाठ कोरी ठेवायची. सरकणाऱ्या जागी ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल. आणि नागपूरकरांसाठी खास एक गोष्ट: गंजाची भीती फक्त पावसाळ्यात नसते. एप्रिल-मे महिन्यात ताटीचा कूलर मशीनच्या तोंडावर लावलेला असतो आणि दिवसभर ओली हवा थेट कोऱ्या बिडावर बसते. कूलरची दिशा बदला, नाहीतर रात्री जाताना व्हाइसवर तेलाचा फडका फिरवा. ओल्या बारदानाने झाकू नका. महिनाभर वापर नसेल तर ग्रीसचा पातळ थर देऊन, गंजरोधक कागदात गुंडाळून लाकडाच्या कोरड्या फळीवर ठेवा.